मृगयावाङ्मयातील खोटी साद

अमेरिकन वाङ्मयातील मृगयेचा प्रांत आपल्या समीक्षेला सर्वस्वी अपरिचित आहे असे म्हणता येणार नाही. फॉकनरची 'द बेअर' ही १९४२मधील दीर्घकथा आपल्याकडे इंग्रजीच्या अभ्यासकांनी आवडीने वाचली. हेमिंग्वेच्या आफ्रिकेविषयीही पुष्कळ चर्चा झाली. परंतु रॉकी पर्वताच्या उतारांवर दर सप्टेंबरात धनुष्य घेऊन, माजावर आलेल्या 'एल्क'च्या नरामागे जाणाऱ्या माणसांनी जे गद्य लिहिले आहे, त्याकडे छंदिष्टांचे लेखन म्हणून पाहण्याची, किंवा मुळीच न पाहण्याची, आपली रीत आहे. ही उपेक्षा समजण्यासारखी आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ची दुरुस्ती यांनंतर आपल्याकडे मृगया संपली आणि तिच्याबरोबर मृगयेचे लेखनही स्मरणरूप झाले. बंदूक घेऊन रानात हिंडलेले व्यंकटेश माडगूळकर पुढे 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांकडे केवळ निरीक्षकाच्या दृष्टीने पाहतात, तेव्हा तो बदल आपल्या काळाला साजेसाच वाटतो. तिकडे असा खंड पडलेला नाही. तेथील शिकारी अजून शिकार करतो आणि अजून लिहितो.

हे लेखन सलग वाचणाऱ्याच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट येते. पहाटेचे थंड अरण्य, दूरच्या दरीतून आलेला नराचा पुकार, त्याला दिलेले उत्तर, पुन्हा शांतता, मग अगदी जवळ काटकी मोडल्याचा आवाज, येथवरचे गद्य पुष्कळदा अस्सल असते. त्यात डोळे, कान आणि कातडीसुद्धा जागी असते. आणि बाण सुटला, जनावर पडले, की तेच गद्य एकाएकी निर्जीव होते. छायाचित्र, शिंगांचे माप, मित्रांचे आभार, धनुष्याच्या बनावटीची माहिती! असे का व्हावे? मला हा प्रश्न प्रथमतः नीतीचा वाटत नाही, रचनेचा वाटतो. मात्र त्याचे उत्तर शोधू लागले की नीतीच्या प्रदेशात पाऊल पडल्यावाचून राहत नाही.

आधी नावाचा घोटाळा निस्तरला पाहिजे. युरोपात 'एल्क' म्हणतात ते जनावर निराळे. अमेरिकेत त्याला मूस म्हणतात. वसाहतवाल्यांनी नव्या भूमीतल्या एका मोठ्या हरणाला जुन्या भूमीतले चुकीचे नाव दिले आणि ते चिकटले. शॉनी लोकांच्या भाषेतला 'वापिटी' हा शब्द अधिक डोळस आहे. त्याचा अर्थ पांढऱ्या ढुंगणाचा. भाषांतरकाराने मोहात पडून येथे 'सांबर' लिहू नये. सांबर याचा दूरचा आप्त. जवळचा भाऊ शोधायचा तर काश्मीरच्या दाचीगामातील हंगुलाकडे जावे लागेल. मी या लेखात वापिटी हाच शब्द वापरतो.

दुसरी अडचण शिंगांची. गाईचे जन्मभराचे शिंग आणि हरणाचे दरवर्षी गळणारे शिंग यांना मराठीत एकच शब्द आहे. इंग्रजीत दोन आहेत, आणि या वाङ्मयाचे मर्म त्या भेदात दडलेले आहे. वापिटी नराची शिंगे हिवाळ्याच्या अखेरीस किंवा वसंताच्या आरंभी गळतात, मग लवदार त्वचेखाली नवी फुटतात, ऑगस्टच्या सुमारास ती त्वचा सुकते आणि नर झाडांवर घासून ती उतरवतो. पुढे सप्टेंबर उजाडतो. म्हणजे ज्याला शिकारी भिंतीवर लावतो तो आयुष्यभर वाढवलेला ठेवा नसतो. एका ऋतूच्या कामक्रीडेसाठी आणि झुंजीसाठी उभारलेला, पुढल्या वसंतापर्यंत आपोआप मातीत पडणारा तो साज असतो.

आणि तो ऋतू. आपण त्याला 'माज' म्हणतो आणि हाच शब्द उर्मट माणसालाही लावतो. त्यामुळे 'माजलेला नर' असे मराठीत लिहिले की जनावरावर अर्धा आरोप आधीच ठेवला जातो. संस्कृतातला 'मद' त्यापेक्षा उदार आहे, पण तो हत्तीच्या गंडस्थळाशी जखडलेला. इंग्रजीतला 'रट' हा शब्द लॅटिनमधील गर्जनावाचक शब्दापासून आला आहे. एका भाषेने त्या अवस्थेत उन्माद पाहिला, दुसरीने आवाज ऐकला. वापिटीच्या बाबतीत दुसरी अधिक नेमकी म्हणावी लागते, कारण त्याचा सारा सप्टेंबर हा आवाजाचा आहे. नर माद्यांचा कळप जमवतो, चिखलात लोळतो, स्वतःच्याच मूत्राने अंग भिजवतो, खाणे जवळजवळ विसरतो आणि ओरडतो. तो पुकार खर्जात सुरू होऊन चढत चढत तीव्र शिट्टीसारखा होतो आणि शेवटी दोन-चार धापांत तुटतो. एवढ्या धिप्पाड देहातून एवढा बारीक स्वर निघावा याचे आश्चर्य प्रत्येक नव्या ऐकणाऱ्याला वाटते. लष्करी कर्ण्याच्या वाद्यावरून इंग्रजीत त्या ओरडण्याला नाव दिले गेले. थिओडोर रूझवेल्ट यांच्या 'द विल्डर्नेस हंटर' या १८९३च्या ग्रंथात वापिटीवरचे प्रकरण आहे आणि त्यात हा आवाज संगीताच्या योग्यतेने ऐकलेला आहे. परंतु रूझवेल्ट बंदूकवाले. ते आवाजाच्या रोखाने जातात. आवाजाला उत्तर देत नाहीत.

धनुर्धराला उत्तर द्यावेच लागते. बाण खात्रीने लागावा तर अंतर वीस ते चाळीस यार्डांहून फारसे जास्त चालत नाही, आणि तीनशे किलोंच्या त्या सावध प्राण्याला वाऱ्याची एक झुळूक पुरते. म्हणून शिकारी टाळूला एक लहानसा पडदा लावतो, हातात नळी घेतो आणि कधी मादीचा हलका लाडिक स्वर काढतो, तर कधी आव्हान देणाऱ्या प्रतिस्पर्धी नराचा. नर येतो तो एक तर संगाला किंवा झुंजीला. येथे तिकडच्या कायद्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पश्चिमेकडील बहुतेक राज्यांत सप्टेंबर हा धनुर्धरांचा असतो. बंदुकीची पाळी बहुधा त्यानंतर येते. कोलोराडोत तर धनुष्याचा हंगाम जवळजवळ संपूर्ण सप्टेंबरभर चालतो. म्हणजे शस्त्राच्या बाबतीत ज्याने संयम पत्करला, त्याला बक्षीस म्हणून जनावराची सर्वांत बेसावध घटका बहाल केली आहे.

या व्यवहाराला ज्या शब्दाने नैतिक आधार दिला जातो तो 'फेअर चेस'. १८८७मध्ये रूझवेल्ट व ग्रिनेल प्रभृतींनी स्थापिलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबाने तो रुजवला, आणि १९६१मध्ये स्थापन झालेल्या धनुर्धरांच्या पोप अँड यंग क्लबाने तो आपलासा केला. प्राण्याला निसटण्याची वाजवी संधी असावी, कुंपणात कोंडून किंवा मोटारीतून मारू नये, असा त्याचा आशय. याचे भाषांतर काय करावे? 'न्याय्य पाठलाग' हा शब्द जन्मतःच मृत आहे. 'धर्ममृगया' म्हटले तर धर्मयुद्धाची सारी परंपरा त्यामागे उभी राहते, आणि लगेच शिखंडीपासून अश्वत्थाम्यापर्यंत सगळे साक्षीला येतात. मग पहिलाच प्रश्न असा निघतो की मादीच्या आवाजात बोलावून नराला मारणे हे कोणत्या धर्मात बसते? इंग्रजी शब्दाला हा प्रश्न सुचत नाही. विजेच्या यंत्रातून काढलेला आवाज त्याला निषिद्ध आहे. स्वतःच्या श्वासाने काढलेला मान्य आहे. फसवणूक शरीरातून आली की तिला कौशल्य म्हणतात. भाषांतराची अडचण ही पुष्कळदा मूळ कल्पनेतील एखादी फट असते, आणि ती मूळ भाषेत दिसत नाही एवढेच. (असे अनुभव भाषांतरकारांना नित्य येतात, समीक्षक मात्र त्यांना तळटिपेतही जागा देत नाहीत.)

आपल्या वाङ्मयात ही फट उघडी करणारा प्रसंग महाभारताच्या आदिपर्वात आहे आणि तो या संदर्भात कोणी वाचलेला माझ्या पाहण्यात नाही. मैथुनात गुंतलेल्या मृगाच्या जोडीवर पांडू पाच बाण सोडतो. मृग कोसळतो आणि माणसाच्या वाणीने बोलू लागतो. तो किंदम नावाचा ऋषी असतो. पुढचा संवाद शापासाठी प्रसिद्ध आहे, पण त्याचे खरे मोल त्यातील वादात आहे. पांडू म्हणतो, शत्रूंशी राजे जसे वागतात तसेच मृगांशी वागतात. उघड मारावे वा कपटाने, त्यात दोष नाही. अगस्त्यानेही मृगया केली होती. किंदमाचे उत्तर अहिंसावादी नाही. मृग मारलास म्हणून मी तुला दोष देत नाही, असे तो स्पष्ट सांगतो. त्याची तक्रार एवढीच, की तू थांबायला हवे होतेस. शत्रूवरही तो गाफील असता बाण टाकीत नाहीत. सर्व प्राण्यांना इष्ट असलेली ती घटका तू मोडलीस.

मृगया मान्य करून तिच्या वेळेला हरकत घेणारा हा युक्तिवाद वापिटीच्या सप्टेंबराला थेट भिडतो. पांडूची भूमिका तर 'ट्रॉफी' या शब्दाच्या पोटातच आहे. ग्रीकांची रणभूमीवर जेथे शत्रूने पाठ फिरवली त्या जागी विजयस्तंभ उभारण्याची रीत होती आणि त्या 'वळण्या'वरून हा शब्द आला. शत्रूवाचून ट्रॉफी नाही. आता वापिटी शत्रू कसा? शिकारी प्रतिस्पर्धी नराच्या आवाजात त्याला आव्हान देतो तेव्हा तो क्षणभर त्याचा शत्रू होतो खरा, पण ते शत्रुत्व उसने असते. त्यामागे माद्या नसतात, कळप नसतो, काही पणाला लावलेले नसते. जनावर खऱ्या झुंजीला येते आणि समोर झुंज नसतेच.

कथनाचा शेवट निर्जीव का होतो याचे उत्तर मला येथे दिसते. ज्या क्षणी नर झाडीतून बाहेर येतो, त्या क्षणी कथेतले सगळे ओझे त्याच्या बाजूला असते. तो काय ऐकून आला, कोणाला शोधतो आहे, हे वाचकाला ठाऊक असते, कारण लेखकानेच ते मोठ्या कौशल्याने कानात घातलेले असते. तेथे लेखकाने नराच्या बाजूने एक वाक्य लिहिले तरी कथा शोकांत होईल. ते लिहायचे नसते, म्हणून तो एकदम स्वतःकडे वळतो. दृष्टिकोन बदलतो तो कलेच्या गरजेने नव्हे, संकोचाने. पोकळी भरून काढायला मग आकडा येतो. मुख्य दांड्याची लांबी, फाट्यांची लांबी, चार ठिकाणचा घेर, आतले अंतर, सारे इंचाच्या अष्टमांशापर्यंत. डाव्या-उजव्यातील फरक वजा. पोप अँड यंगच्या नोंदवहीत नियमित शिंगांना किमान २६० गुण लागतात. बून अँड क्रॉकेटच्या सार्वकालिक यादीसाठी ३७५. अंतिम माप घेण्यापूर्वी शिंगे साठ दिवस सुकवावी लागतात. काव्याचे गुण मांडून त्यांतून दोष वजा करणारे जुने परीक्षक आठवावेत अशी ही शिस्त आहे.

पोप आणि यंग या नावांपैकी पहिले नाव येथे थांबायला लावते. सॅक्स्टन पोप हे सॅन फ्रान्सिस्कोतील शल्यचिकित्सक. ऑगस्ट १९११मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाच्या कत्तलखान्यापाशी एक उपाशी माणूस सापडला. याही जमातीचा तो अखेरचा मनुष्य. आपले नाव स्वतः सांगू नये असा त्याच्या लोकांचा संकेत, म्हणून त्याच्याच भाषेतला 'इशी', म्हणजे माणूस, हा शब्द त्याला नाव म्हणून देण्यात आला. तो विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला, पोप त्याचे वैद्य झाले, मग मित्र, मग धनुर्विद्येतले शिष्य. १९१४मध्ये ते त्याच्यासह त्याच्या मूळ रानातही जाऊन आले. १९१६च्या मार्चमध्ये इशी क्षयाने वारला. पोपांचे 'हंटिंग विथ द बो अँड ॲरो' १९२३मध्ये आले आणि अमेरिकेतील आधुनिक धनुर्मृगयेचे ते मूळ पुस्तक ठरले.

त्यातील इशीवरचे प्रकरण मी या साऱ्या वाङ्मयाचे शिखर समजतो. पोप शैलीकार नव्हेत. पण पाहिलेले तेवढेच लिहिण्याची डॉक्टरी सवय त्यांना आहे आणि ती येथे उपयोगी पडली आहे. इशी शिकारीच्या आदल्या दिवशी तंबाखू सोडतो, मासे खात नाही, पहाटे ओढ्यात अंघोळ करतो, सुवासिक पाल्याने अंग चोळतो आणि उपाशी निघतो. तोही साद घालतो: ओठांशी बोटे नेऊन संकटातल्या सशाचा चीत्कार काढतो आणि ससे येतात, हरणाचे पेंढा भरलेले मुंडके डोक्यावर चढवून तो झुडपाआड हलतो आणि हरणे कुतूहलाने पुढे सरकतात. ही साद खोटी नाही काय? आहे. परंतु तिच्याभोवती उपवास, स्नान, वर्ज्यावर्ज्य यांचे जे कडे आहे ते सांगते की कपट करणाऱ्याला आपण कपट करतो आहोत याची जाणीव आहे आणि तिची काही किंमत मोजायची आहे. पोपांनी ते सारे नोंदवले आणि स्वतः घेतले ते फक्त तंत्र. तेही पूर्णपणे नव्हे. त्यांनी धनुष्य निवडले ते इंग्रजी परंपरेचे लांब धनुष्य, आणि पुस्तकाची अर्पणपत्रिका आहे रॉबिन हूडला. गुरू प्रकरणात राहिला, वंशावळीत शिरला नाही.

याच संदर्भात दोन नोंदी शेजारी ठेवतो. इशीच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन होऊन त्याचा मेंदू वेगळा काढण्यात आला, १९१७मध्ये तो स्मिथसोनियन संस्थेत गेला, आणि आप्त जमातींच्या हाती परत आला तो २०००मध्ये. थिओडोरा क्रोबर यांचे 'इशी इन टू वर्ल्ड्स' १९६१चे. पोपांच्या नावाने शिंगांची नोंदवही ठेवणारा क्लबही १९६१चाच.

पोपांनंतरच्या लेखकांत हा पेच ओळखणारे थोडेच. आल्डो लिओपोल्ड यांना तो कळला होता. ते स्वतः धनुर्धर होते. त्यांच्या मृत्यूनंतर १९४९मध्ये आलेल्या 'अ सँड काउंटी अल्मनॅक'मध्ये त्यांनी साधनांच्या बाजारावर जी टीका केली आहे ती आजच्या मृगयामासिकांना जशीच्या तशी लागू पडते. शिकाऱ्याला टाळ्या देणारे प्रेक्षक नसतात, त्याचा पंच त्याच्याच मनात असतो, हा त्यांचा विचार सर्वश्रुत आहे. ट्रॉफीला ते प्रमाणपत्र मानतात, आणि या दृष्टीने पक्ष्याचे अंडे, छायाचित्र व शिंग यांच्यात त्यांना तत्त्वतः फरक वाटत नाही. येथे त्यांच्याशी माझा मतभेद आहे. छायाचित्र घेतलेल्या नराची शिंगे वसंतात गळतात; दुसऱ्याची गळत नाहीत.

ऑर्तेगा इ गॅसेत यांच्या १९४२च्या मृगयाचिंतनाचा या वर्तुळात फार गाजावाजा आहे. वध हा मृगयेचा हेतू नसून तिच्या सत्यतेची अट आहे, असे त्यांचे प्रतिपादन. तत्त्वज्ञ म्हणून ते मोठे खरे. पण त्यांचा शिकारी प्राण्याच्या मागे जातो, प्राण्याला स्वतःकडे बोलावीत नाही, म्हणून वापिटीच्या सप्टेंबराला त्यांचा सिद्धांत पुरत नाही. टेड केरासोटी यांचे 'ब्लडटाइज' (१९९३) आणि डेव्हिड पीटरसन यांचे 'हार्ट्सब्लड' (२०००) ही त्यापेक्षा उपयुक्त पुस्तके. केरासोटी मांसासाठी वापिटी मारतात आणि दुरून वाहून आणलेल्या बटाट्यापेक्षा घराजवळ मारलेल्या जनावराच्या मांसाला इंधन कमी लागते, असा हिशेब मांडतात. हिशेब चोख आहे. परंतु कथनातला पेच हिशेबाने सुटत नाही. पीटरसन साधे धनुष्य वापरतात, यंत्रांचा तिटकारा करतात आणि ट्रॉफीच्या हव्यासावर प्रहार करतात.

या लेखनातील उत्तम पाने कोणती असे मला विचारले तर मी बाण न सुटलेली पाने दाखवीन. धनुष्य पूर्ण ताणले आहे, नर उभा आहे, आणि काही कारणाने (मध्ये फांदी आली, मादी आडवी आली, किंवा कारण सांगताच येत नाही) शिकारी प्रत्यंचा हलके हलके सैल सोडतो. तेथे गद्याचा श्वास तुटत नाही. आणि येथे मला 'रघुवंशा'चा नववा सर्ग आठवल्यावाचून राहत नाही. दशरथ मृगयेत आहे. त्याने एका हरणावर नेम धरला आहे, प्रत्यंचा कानापर्यंत आली आहे. तोच हरिणी मध्ये येऊन आपल्या देहाने नराला झाकून उभी राहते. राजा स्वतः प्रेमिक. त्याचे मन द्रवते आणि तो बाण आवरतो. पांडूला जे सुचले नाही ते कालिदासाच्या दशरथाला दिसते. पण कवीची थोरवी एवढ्यावर संपत नाही. त्याच सर्गाच्या शेवटी हाच दशरथ घड्याचा बुडबुड आवाज ऐकतो, त्याला हत्ती समजतो, शब्दवेधी बाण सोडतो आणि मुनिकुमार कोसळतो. डोळ्यांनी पाहिले तेव्हा तो थांबला. कानाने ऐकले तेव्हा चुकला. वापिटीच्या कथेत हे उलटे होते: तेथे कानाने चुकतो तो मृग, आणि पाहतो शिकारी.

एक बारीकसा मुद्दा यंत्राचा. १९६९मध्ये अमेरिकेत ज्या चक्रयुक्त धनुष्याचे पेटंट मिळाले, त्यात पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार पुष्कळ कमी होतो. दशरथाला बाण आवरताना भुजबळ लागले असेल. आजच्या धनुर्धराला त्या मानाने फार थोडे लागते. तो ताणलेल्या स्थितीत बराच वेळ थांबू शकतो. विचार करायला यंत्राने दिलेला हा वेळ या वाङ्मयात फारसा कोणी वापरलेला नाही. बहुतेकांनी तो नेम पक्का करण्यात घालवला.

बाण सुटल्यानंतरची जी चांगली पाने आहेत ती थांबण्याविषयीची आहेत. बाण गोळीसारखा धक्क्याने मारीत नाही, रक्तस्रावाने मारतो. म्हणून जाणता शिकारी लगेच मागे धावत नाही, अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून अधिक, जागीच बसतो. नंतर पानापानावरचे थेंब पाहत माग काढतो. कधी माग हरवतो आणि जनावर कोठेतरी मरते. या हरवलेल्या मागांविषयी जो लेखक लिहितो त्याचे बाकीचेही वाचावे, असा माझा अनुभव आहे. छायाचित्रात मोठी शिंगे धरून हसणाऱ्यांना हा विषय आवडत नाही.

शिकाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर अमेरिकेतला वापिटी एक लाखाच्याही आत आला होता. आज तो सुमारे दहा लाख आहे. यात परवान्यांच्या पैशाचा आणि १९३७च्या कायद्याने शिकारीच्या शस्त्रांवरील कराचे उत्पन्न वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवले त्याचा मोठा वाटा आहे. वनपर्वात द्वैतवनातील उरलीसुरली हरणे युधिष्ठिराच्या स्वप्नात येतात आणि विनवतात की आम्ही आता बियाण्यापुरते उरलो आहोत, तुम्ही दुसरीकडे जा. आणि पांडव मुक्काम हलवतात. अमेरिकन शिकारी म्हणेल, आम्ही मुक्काम न हलवता बियाणे राखले. त्याचे म्हणणे खोटे नाही.

या वाङ्मयाचा एक लहानसा संग्रह मराठीत यावा असे मला वाटते. त्यात पोपांचे इशीवरचे प्रकरण संपूर्ण असावे, लिओपोल्ड यांचे दोन निबंध असावेत, रूझवेल्ट यांचे वापिटीवरचे प्रकरण आवाजापुरते घ्यावे, आणि पीटरसन यांची काही पाने. शिंगांच्या मापाचा एक तक्ताही वगळू नये. इंच, अष्टमांश आणि वजाबाकी यांसह तो जसाच्या तसा छापावा, आणि त्याच्या समोरच्या पानावर आदिपर्वातील किंदमाचे उत्तर.